चिनीमास्तर आणि तालमीची माती

चिनीमास्तर नव्या माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघत, आधी पाय बघत. माझे पाय बघून त्यांनी विचारलं, "पळायची लय सवय हाय का?" होती. मी कचेरीत उमेदवार कारकून आणि अंगाने काडीपैलवान. ठाण्याच्या तालमीने मला हसून परत पाठवलं होतं, म्हणून मी त्यांच्याकडे शिकायला आलो होतो.

मास्तर तरुणपणी इंग्रजांचे कैदी म्हणून चीनहून ठाण्याच्या तुरुंगात आले आणि सुटल्यावर इथेच राहिले. गुन्हा कोणता, ते कुणी विचारलं नाही. मराठी ते तुरुंगातल्या आगऱ्यांकडून शिकले होते. ठाण्यातल्या खोपट भागात त्यांचा कोबी-मुळ्याचा मळा होता, आणि रोज सकाळी वाफ्यांमध्ये ते एकटेच आपल्या देशाच्या कुस्तीचे हात करीत. कुंपणापाशी लोक हसत उभे असायचे. तालमीत का जात नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वस्ताद घेत नाय. एकट्याचा हात गंजतो, बाला." मला फार वाईट वाटलं.

शिकवणं त्यांचं खाडीत. ओहोटीला मला चिखलात घोड्यावर बसल्यासारखं उभं करीत आणि भरती कमरेला लागेपर्यंत हलू देत नसत. वर छातीवर थापा. आई धोतरं धुऊन वैतागली. "पडला तरी चालंल," मास्तर म्हणत, "पडायच्या आधी पडू नको." ज्या दिवशी माझ्या धक्क्याने ते स्वतः पाऊलभर मागे सरले, त्या दिवशी मळ्यातला सगळ्यात मोठा कोबी माझ्या घरी आला.

त्या कोबीनेच मला शिंगं फुटली. मी वस्तादांना जाऊन सांगितलं, नागपंचमीला तुमचा पठ्ठा चीत केला तर मास्तरांना मातीत घ्या. वस्ताद पोट धरून हसले आणि कबूल झाले. मात्र मी हरलो तर मळ्यातली ती नाटकंही कायमची बंद, अशी अट घातली. हे ऐकून मास्तरांचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी ते खाडीवर माझ्याआधी येऊन उभे होते.

पठ्ठा म्हणजे मिठागरावरचा रामा. समोर येताच मी शिकवल्याप्रमाणे मूठ तळव्यात धरून चिनी नमस्कार केला. रामाला वाटलं, मी बुक्की दाखवली. तो पिसाळून अंगावर आला. खोटं कशाला सांगू, पळावंसं वाटलंच. पण भरती अंगावर घेतलेले पाय जागचे हलेनात. तो धडकला, मी कंबर वळवली, आणि रामा माझ्या मांडीवरून जाऊन पाठीवर पडला.

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते थेट दाराशी, काढून ठेवलेल्या चपलांच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या मास्तरांकडे गेले.

"मास्तर, उतरा."

मास्तरांनी माती कपाळाला लावली आणि मूठ तळव्यात धरली. वस्तादांनी क्षणभर बघून तसंच केलं. मग दोघे भिडले ते दिवेलागणीपर्यंत. कुणीच पडलं नाही. मास्तर लहान मुलासारखे हसत होते. मी जिंकलो होतो हे सगळे विसरले, आणि इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पुढे दोघांची पहाट रोज त्याच मातीत उजाडे. मास्तर गेले तेव्हा तालमीने खांदा दिला. वस्तादांची मिशी साऱ्या ठाण्याला ठाऊक होती. सख्ख्या भावासाठी उतरवावी तशी ती त्यांनी उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी तसेच ताठ मानेने भर बाजारातून चालत गेले. कुणी हसलं नाही.