कालचं पॅकेट

मकरपुऱ्याच्या त्या शेडमध्ये मशीनचा हात खाली आला, तेव्हा माझं काळीज जे घशात येऊन बसलं ते सयाजीगंजला ऑफिसात पोचेपर्यंत उतरलं नाही. चहासुद्धा त्याला जरा बाजूला सरकवून प्यावा लागला. मी फुगवून सांगतो अशी बडोद्यात माझी ख्याती आहे. पण हे घडलं तसंच सांगतो आहे. फार तर एखादं बोट इकडेतिकडे.

मशीन होतं औषधाच्या बाटल्यांना झाकणं लावायचं. एक हात बाटली पुढे ढकलतो, दुसरा वरून येऊन झाकण बसवतो. मशीन बनवणारे गुजराती गृहस्थ सत्तरीच्या जवळपासचे, त्यांना सगळे काका म्हणत. त्या दोन हातांना हुकूम सोडणारा कंट्रोल बॉक्स मात्र आमचा. आमचा म्हणजे माझा आणि बेनचा. बेन माझी भागीदार, गुजराती, डोक्याने माझ्या दुप्पट आणि आवाजाने निम्मी. सेवउसळीच्या दुकानावर आमचं दोन खुर्च्यांचं ऑफिस. खाली तरीला फोडणी पडली की वर कंप्युटर शिंकायचा.

काम काय, तर हुकूम वेळेवर सोडणं. प्रत्येक हुकूम हे एक छोटं पॅकेट, केबलमधून मशीनच्या हाताकडे जाणारं. ते लवकर गेलं तरी बाटली फुटते, उशिरा गेलं तरी फुटते. म्हणून पॅकेट थोडं आधीच नेटवर्क कार्डाच्या ताब्यात द्यायचं आणि त्यावर निघायची वेळ लिहायची. कार्ड स्वतःच्या घड्याळात बघून त्या क्षणाला ते सोडतं. क्षण म्हणजे सेकंदाचे असे बारीक काप, की बडोद्यातल्या कुठल्या फरसाणवाल्याने तितका पातळ वेफर कापला तर तो तळायच्या आधीच हवेत विरून जाईल. कार्डाला हे सगळं समजावणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, आणि तो लिहायचा मी. वाडीतल्या माझ्या आत्याने अर्ध्या वाडीला सांगून ठेवलंय, की एवढा शिकला आणि ड्रायव्हर झाला.

"आत्या, मी ड्रायव्हर लिहितो."

"लिहितोस कशाला? येत नसेल तर शिकून घे आधी."

तर त्या दिवशी ट्रायल चालू होती. एक बाटली आडवी झाली. कंप्युटरने दोन्ही हातांना थांबायला सांगितलं, हात थांबले. काकांनी आयुष्यभराच्या सवयीने वाकून वरच्या हाताखाली पंजा घातला, बाटली उचलली, पंजा बाहेर काढला आणि मला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात हात खाली आला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बटण दाबलं नव्हतं. काकांचा पंजा होता नेमक्या त्या जागी पत्र्याला खळगा पडला. त्या खळग्यात वाटीभर डाळ मावली असती. बरं, अर्धी वाटी.

काकांनी आपला तळहात पाहिला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला, तव्यावरची रोटली बघावी तसा. मग अगदी हळू विचारलं, "भाऊ, हा कोणाच्या सांगण्यावरून आला?"

मी वाकून आमच्या कंट्रोल बॉक्सचा डबा उघडला, जणू उत्तर आतच ठेवलेलं होतं.

"कोणी सांगितलं ते शोधा," काका म्हणाले. "नाही सापडलं तर तुमचा डबा माझ्या मशीनवरून उतरवा. मी माझ्या माणसांचे हात त्याच्याखाली घालणार नाही."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. आमचं ऑफिस त्या डब्यावर उभं होतं हे खरं, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ऑफिस नव्हतं, तो पंजा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघं शोधत बसलो. नोंदींत दिसलं ते पाहून मी दुसऱ्यांदा गारठलो. तो "खाली ये" हुकूम जुना होता. मशीन थांबण्याआधीचा. कंप्युटरच्या गर्दीत अडकला आणि त्याची वेळ टळून गेल्यावर कार्डाकडे पोचला. आणि कार्डाच्या घड्याळाला काटा एकच, चारेक सेकंदांत फेरी मारून परत पहिल्या जागी येणारा. कितवी फेरी हे त्याला ठाऊकच नाही. त्याने पॅकेटवरची वेळ बघितली, आपला काटा बघितला, म्हटलं अजून यायचा आहे, आणि पॅकेट जपून ठेवलं. काटा फिरून आला, तसं सोडलं. केसाचाही फरक नाही. फक्त फेरी चुकली.

"पण वेळ टळलेलं पॅकेट आपण कार्डाला दिलंच कसं?" बेन म्हणाली. "ते तर फेकायचं असतं ने."

मी काही बोलणार तोच तिचा फोन वाजला. तिने ऐकलं, ठेवला.

"काकांचा होता. ट्रायल काल."

"कालची झाली ना, बेन. माझे गुडघे अजून त्याच ट्रायलमध्ये आहेत."

"अरे, ती नाही. काल. पुढची."

"मग उद्या म्हण."

"तेच तर म्हणते भाऊ, काल."

खाली कोणीतरी एक्स्ट्रा पाव मागत होतं. माझ्या अंगावर काटा यायला सुरुवात पायांपासून झाली आणि तो वर चढताना मला कळत होता.

"बेन, ड्रायव्हर लिहायला घेतला तेव्हा तू मला काय सांगितलं होतंस?"

"काय?"

"म्हणालीस, कालचं पॅकेट कार्डाला देऊन टाक, ते सांभाळेल."

"हो. म्हणजे येणारं. ज्याची वेळ व्हायची आहे ते." ती थांबली. तिचा चेहरा आमच्या ऑफिसच्या चुन्याच्या भिंतीसारखा झाला. "तू काय समजलास?"

मराठी माणूस काय समजणार? काल म्हणजे गेलेला दिवस. मला तेव्हा नवल वाटलं होतं, की शिळी पॅकेटं कार्ड कशाला सांभाळेल. पण कार्डाचं जाडजूड पुस्तक वाचलं होतं बेनने, आणि तिच्या वाचनावर शंका घेणं म्हणजे सूर्याला टॉर्च दाखवणं. गुजरातीत काल दोन्हीकडे चालतो, गेलेलाही आणि येणाराही. ती गुजरातीत बोलली असती तर मी हटकून विचारलं असतं, गई काल के आवती काल? तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या माणसाला तेवढं कळतं. पण फतेगंजच्या शेजाऱ्यांकडून शिकलेल्या मराठीत ती माझ्याशी मुद्दाम, आपुलकीने बोलायची. आणि त्या आपुलकीने एका म्हाताऱ्याचा पंजा जवळजवळ चेपला होता.

"आणि हे कार्ड," मी म्हणालो, "तेही गुजराती निघालं."

बेन हसली नाही. मीही हसलो नाही.

ड्रायव्हर त्याच दिवशी बदलला. पॅकेट कार्डाला द्यायच्या आधी आम्हीच कंप्युटरच्या पूर्ण, फेऱ्याही मोजणाऱ्या घड्याळाशी ताडून पाहायचं, वेळ टळली असेल तर तिथेच फेकायचं. मशीन थांबलं की कार्डाच्या पोटात जे काही असेल तेही रिकामं करायचं.

ट्रायलला काका पिशवीतून दोन दुधी घेऊन आले.

"आधी जुनं लावा," म्हणाले. "मला बघायचंय."

कंप्युटरवर आम्ही मुद्दाम इतकं काम लादलं की पॅकेटं उशिराच यावीत. जुना ड्रायव्हर चढवला, मशीन थांबवलं, दुधी हाताखाली ठेवला. सगळं शांत. मग हात खाली आला आणि दुधीचं जे झालं त्यात तूप-साखर घातली की हलवा तयार. मी काकांना सांगितलं, कोणी हुकूम दिला होता ते. काल हा शब्दही सांगितला.

"तो हुकूम मेलेला होता ने?"

"हो काका. आम्हीच त्याला जिवंत ठेवला."

मग नवा ड्रायव्हर. दुसरा दुधी. पडद्यावर फेकलेल्या पॅकेटांचा आकडा वाढत राहिला आणि हात वर तसाच राहिला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. काकांनी इतक्या वेळा करून घेतलं की दुधीला कंटाळा आला असेल. शेवटी एक बाटली आडवी झाली, मशीन थांबलं, आणि कोणाला कळायच्या आत काकांनी दुधी बाजूला करून स्वतःचा पंजा आत घातला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, शब्द नव्हताच तो. पंजा आतच होता. मग माझ्या लक्षात आलं, की मशीनचे सगळे दिवे विझलेले आहेत. बेनचा तळहात मशीनची वीज तोडणाऱ्या लाल बटणावर होता. काका वाकले तेव्हाच तिने ते दाबलं होतं.

काकांनीही दिवे पाहिले आणि लेकीला विचारावं तसं बेनला विचारलं. "बंद का केलं, दीकरी? भरोसा नाही?"

"ड्रायव्हरवर आहे, काका. पण हाताला स्पेअर मिळत नाही."

काका माझ्याकडे वळले. "आणि तुला?"

शंभर टक्के, असं माझ्या तोंडात तयार होतं. आयुष्यभर असली वाक्यं माझ्या तोंडात तयारच असतात.

"नाही," मी म्हणालो.

काकांनी मान डोलावली आणि फिटरला हाक मारली. लाल बटण तिथून काढून इथे लावायचं, आत हात घालणाऱ्याच्या दुसऱ्या हाताला लागेल असं, आणि समोर जाळी बसवायची, बटण दाबल्याशिवाय ती उघडताच कामा नये. फिटरने विचारलं, डब्याचं काय करायचं, उतरवायचा का?

"राहू दे," काका म्हणाले. "ज्यांना भीती वाटते त्यांचा आहे."

मग त्यांनी आडवी पडलेली बाटली बाहेर काढून माझ्या हातात दिली. ती अख्खी होती. मी ती दोन्ही हातांनी धरली, आणि बेनने माझ्या बोटांतून सोडवून घेईपर्यंत मला ती खाली ठेवता आली नाही.