राजापेठेतला एक्स-रेवाला

राजापेठेत छातीचे एक्स-रे काढणारा एक माणूस आहे. नाव मी कधी विचारलं नाही. जुने एक्स-रे दाखवून दाखवून त्यानं कॉम्प्युटरले बिमारी ओळखायला शिकवलं. उत्तर बरोबर आलं की बैलाले थोपटावं तसा त्याले थोपटायचा.

बायको गेल्यावर मी तिचा एक्स-रे मागायला गेलो, तर हा डोकं धरून बसलेला.

"काका, मंगळसूत्र दिसलं की हा कॉम्प्युटर बाईले बिमार ठरवून राहिला! धडधाकट बाया ते काढून ठेवत, खाटेवरच्या काढू देत नव्हत्या. हा तेवढंच शिकला. आता असे सारे एक्स-रे पुसतो."

"आधी मले तिचा छापून दे. जन्मभर फोटोले लाजली ती."

त्यानं दिला. मी भिंतीले लावला. शेजारीण म्हणे, "भाऊ, हे कोण?"

"माही बायको."

तिनं जवळ जाऊन पाह्यलं. "हो ना बाप्पा! मंगळसूत्र तिचंच हाय."