शेवटचे आठवडे फक्त पाणी

जर्मनीत, आखनमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. एकट्याच. जुन्या आजाराने त्यांचे पाय आखडतात आणि पोटऱ्यांत असे गोळे येतात, की त्यांचं कण्हणं वर आमच्यापर्यंत ऐकू यायचं. कायदा बदलल्यावर त्यांनी मागच्या खोलीत गांजाची तीन झाडं लावली. घरात, स्वतःपुरती, तीन चालतात. हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं, बाल्कनीत टोमॅटो लावलेत म्हणून सांगावं तसं. मी "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत मान डोलावली आणि वर निघून आले.

मग ऑक्टोबरात त्यांना कमरेच्या ऑपरेशनसाठी एकाएकी तारीख मिळाली आणि त्या किल्ली घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

नाही म्हणणं शक्यच नव्हतं. माझं जर्मन त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सुधारलं होतं. त्या मला खाली घेऊन गेल्या. कपाटाएवढा काळ्या कापडाचा तंबू होता, त्यांनी त्याची चेन उघडली आणि वासाचा असा लोट आला की मी मागे सरले. आत कमरेएवढी तीन झाडं, जाडजूड चिकट तुऱ्यांनी वाकलेली.

"आल्झो," म्हणजे तर मग, त्या म्हणाल्या, "फुलं भरत आलीत. आता खत अजिबात नाही, शेवटचे आठवडे फक्त पाणी. कुंडी उचलून बघ. हलकी लागली तरच घाल. फुलांवर थेंब पडू देऊ नकोस, बुरशी धरते. खाली ताटलीत साचलेलं पाणी फेकून दे. पंखा बंद करू नकोस. अडलं तर फोन कर."

झाडं त्यांची आणि घर त्यांचं होतं, पण त्या नसताना पाणी घालणारी मी कोण? यावर कायदा काय म्हणतो ते मी नेटवर शोधत बसले. कुणी म्हणत होतं हरकत नाही, कुणी म्हणत होतं जपून. आमचा आइनब्युर्गरुंगचा, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज सरकारी ऑफिसात पडून होता. नवरा महिनाभर कामासाठी हेर्त्सोगेनआउराखला होता. फोनवर तो म्हणाला, "पाणीच घालायचंय ना? घाल. बाबांना मात्र कळू देऊ नकोस."

कारण सासरे आमच्याकडे आले होते. सातारा जिल्ह्यात उभी नोकरी पोलिसात केलेले, फौजदार म्हणून निवृत्त झालेले. उसाच्या आत लावलेला गांजा त्यांनी स्वतः उपटून जाळला होता. ते किस्से मी लग्नापासून ऐकत आले होते.

मी ऑफिसातून आल्यावर खाली जायचे. दार आतून लावून घ्यायचे, कुंड्या उचलून बघायचे, झारीचं तोंड मातीला टेकवून हळूहळू पाणी सोडायचे. वर आले की आधी कपडे मशीनमध्ये टाकायचे. तरी एका संध्याकाळी सासरे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "हा वास मी ओळखतो."

मी खिडकी उघडायला उठले.

"कुठनं येतो? तुझ्या अंगाला येतो, पोरी."

मग सगळं सांगितलं. मला वाटलं, आता आवाज चढेल. तो चढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचे पासपोर्टाचे कागद अजून हातात आले नाहीत ना?" आणि मी नाही म्हटल्यावर ते गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या रागाला तोंड द्यायची माझी तयारी होती. ते घाबरले, तेव्हा मीही आणखी घाबरले.

त्यातच पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग मधली. कडा करपल्यासारख्या. तुऱ्यांवरचे पांढरे केस तपकिरी झाले. खताच्या बाटल्या तिथंच शेजारी होत्या. रोज वाटायचं, झाडं उपाशी मरताहेत, एक झाकणभर घालावं. पण बाईंनी बजावलं होतं. विचारावं म्हणून फोन केला, तर त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हॉस्पिटलात चौकशी केली. नर्सने विचारलं, "तुम्ही नातेवाईक?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग काही सांगता येणार नाही. त्या आवाजात असं काही होतं की मी पुढे न विचारता फोन ठेवला. बाई गेल्या असतील तर? मेलेल्या माणसाच्या घरात मी गांजाला पाणी घालत होते?

शनिवारी दुपारी सासरे म्हणाले, "एकटी जाऊ नकोस. मी येतो."

"अहो बाबा, कशाला तुम्ही..."

"येतो म्हटलं ना."

ते आत तंबूच्या जवळ आले नाहीत. पुढच्या खोलीत खिडकीपाशी, पाठीमागे हात बांधून उभे राहिले. मी एक कुंडी उचलून बघितली आणि झारी हातात घेतली, तेवढ्यात बेल वाजली, आणि लगेच दारावर थापा. "पोलित्साय!"

माझ्या हातातली झारी पडली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. तो शब्द त्यांना भाषांतर करून सांगावा लागला नाही.

मी दार उघडलं. समोर एक तरुण पोलीस बाई आणि एक पुरुष. समोरच्या इमारतीतून कुणीतरी फोन केला होता: मालकीण हॉस्पिटलात आहे आणि घरात एक अनोळखी परदेशी माणूस फिरतोय. त्यांनी आउसवाइस मागितलं. माझं ओळखपत्र वर राहिलं होतं. मी शेजारीण आहे, किल्ली त्यांनीच दिली आहे, असं सांगताना माझं जर्मन पार विस्कटलं, क्रियापदं सापडेनात. पुरुष पोलीस वासाच्या दिशेने आत गेला. त्या क्षणी मला आमचा अर्ज फाडल्याचा आवाज खरोखरच ऐकू आला.

सासरे ताठ उभे राहिले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "आय ॲम पोलीस. रिटायर्ड. महाराष्ट्र." त्यांचे हात पँटच्या शिवणीला टेकलेले होते. पोलीस बाई त्यांना सौम्यपणे म्हणाली, "बसा, प्लीज." ते बसले नाहीत.

तिने हॉस्पिटलला फोन लावला. एका विभागातून दुसऱ्या विभागात. मी भिंतीला टेकले होते. शेवटी स्पीकरवर एक खरखरीत, खोल गेलेला आवाज आला. बाई जिवंत होत्या. ऑपरेशननंतर ताप चढून त्या काही दिवस अतिदक्षता विभागात होत्या, हे नंतर कळलं.

"ती माझी शेजारीण आहे," त्या म्हणाल्या. "किल्ली मी दिली. आणि तिथं कोण आहे? फुलांना हात लावू देऊ नका कुणाला."

आतल्या पोलिसाने चटकन हात मागे घेतला. "तीन," तो बाहेर येऊन म्हणाला. "पास्ट." म्हणजे ठीक आहे.

माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं, रडत रडत. "पानं सगळी पिवळी पडलीत हो. मी खत घातलं नाही, तुम्ही नको म्हणाला होतात..."

"गेनाऊ, तेच तर," बाई म्हणाल्या. "पिवळी पडायलाच हवीत. तू बरोबर करते आहेस."

पोलिसांनी माझं नाव लिहून घेतलं, शुभेच्छा दिल्या आणि ते गेले. सासरे तेव्हा कुठे खुर्चीत बसले. "दार वाजलं की आतल्याला असं होतं होय," ते म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं. मग सांडलेलं पुसलं आणि हलकी होती ती कुंडी भिजवली.

बाई वॉकर घेऊन घरी आल्या तेव्हा एका झाडाच्या मधल्या तुऱ्यात राखाडी बुरशी शिरली होती. ते झाड त्यांनी टाकून दिलं. उरलेली दोन भिंगातून तपासून स्वतः कापली. आठवड्याने प्लमचा केक वर पाठवला. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघत विचारलं, "यात ते नाही ना?" मी खाली जाऊन विचारून आले, तेव्हाच त्यांनी तुकडा मोडला.

नागरिकत्वाची मुलाखत झाली. तिथं त्या शनिवारबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तरी त्या वर्षी बेल वाजली की मी आधी दाराला कान लावायचे, पार्सलवाला असला तरी. यंदा बाईंनी पुन्हा रोपं लावली आहेत. त्यांना वाकता येत नाही, म्हणून कुंड्या उचलायला मी जाते. त्या घरी असतील तेव्हाच.