देवाच्या मुखवट्यातलं शिसं

किन्हवलीकडच्या एका गावाने देवाचा नवा मुखवटा ओतायचं ठरवलं, तेव्हा लागणारं कासं माझ्या मुरबाडच्या दुकानातून गेलं. भंगाराच्या हातगाडीपासून मी ते दुकान उभं केलं होतं. जुन्या, निखळ काशाच्या थाळ्या मी एकेक वाजवून दिल्या. मुखवटा मात्र काळपट आणि मऊ निघाला. गावाने निकाल लावून टाकला: शेटनं शिसं मिसळलं.

पुढे कित्येक वर्षं म्हशाच्या जत्रेत घोंगडी घ्यायला वाकलो, तरी मागून कुणीतरी विचारायचं, "शेट, हिच्यातपण शिसं हाय का बघा!" दोनदा हात उचलला मी.

मग पुण्याच्या एक संशोधक बाई आमच्या ओताऱ्यांचं काम बघायला आल्या. त्या ग्रीकांच्या प्राचीन मूर्तींच्या काखेतून, तळपायातून चिमूटभर कीस काढायच्या आणि त्यात तांबं, कथील, शिसं किती ते यंत्रावर तपासायच्या. मी म्हटलं, "परक्या देवांच्या काखा पुरे झाल्या बाई. आमच्या देवाचा कीस काढा."

गाव भडकलं. "देवाला कानस लावनार?" मग घासाघीस झाली. मी मुद्दाम नाकापासून सुरुवात केली, गालावर आलो, हनुवटी सोडली आणि हवा होता तो कानामागचा भाग पदरात पाडून घेतला.

निकाल सांगायला बाई देवळात आल्या. तांबं आणि कथील काशात असतं तसंच. वर भरपूर शिसं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"माझ्याकडं काय बघता?" मी ओरडलो. "मुशीत कुणी काय टाकलं ते आठवा!"

देवात प्रत्येकाचा वाटा हवा, म्हणून धातू वितळला की घरटी काहीतरी मुशीत टाकायची तिथे रीत होती. कुणी जोडवं टाकी, कुणी वाढायचा मोडका डाव. गावाबाहेरच्या वस्तीतला एक म्हातारा उभा राहिला. "आमच्याकडं पितळ कुठलं? मी पागाच्या गोळ्या टाकल्या. सगळ्या." पाग म्हणजे मासे धरायचं जाळं. ते बुडावं म्हणून कडेला शिशाच्या गोळ्या ओवतात.

मी सुटलो! आता पहिली माफी कोण मागतो ते बघत छाती काढून बसलो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पुढच्या काळातले ग्रीक ओतारी मुद्दाम शिसं घालायचे. रस पातळ होतो, बारीकसारीक जागी पोचतो. म्हणूनच तुमच्या देवाच्या मिशीचा केस न् केस उठलाय."

सगळ्यांनी मिशी पाहिली. पाटलांनी नारळ उचलून म्हाताऱ्याच्या हातात दिला. "यापुढं पालखीचा पयला नारळ तुझा."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमचं काय शेट? तुमी तर शिसं घातलंच नाय!"

पायरीवर मी म्हाताऱ्याला गाठलं. इतकी वर्षं त्याचं शिसं माझ्या नावावर होतं, तेव्हा अर्धा नारळ तरी माझा. तो हसला.

"शेट, शिव्या खात व्हतात तवा मला अर्ध्या दिल्यात का?"

नारळ काखेत मारून तो पायऱ्या उतरून गेला. पण अर्धा नारळ माझाच होता, हे मी अजूनही म्हणतो.