घेतलं की

उलट्या हाताने मिशी पुसायची आणि "घेतलं की" म्हणायचं, ही मामांची रोजची हजेरी. सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, गिरणीत जॉबर, मागांवरचे मुकादम. पहिल्या पाळीला जाताना, मी दवाखाना उघडत असलो की, ते दारात थांबत. मिशीला करडईचं तेल लागलेलं असे. पन्नास वर्षं होत आली, पण तो वास अजून नाकात आहे.

मामांच्या छातीत कळ येऊ लागली होती. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल फार निघालं. डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या. चार दिवसांत मामा परत आले. मळमळतं म्हणाले, आणि या गोळ्यांनी माणूस जगतो का, असं सरळ विचारलं. डॉक्टर खरं बोलणारे. गोळ्यांनी आकडा उतरतो, माणूस जास्त जगतो का ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही, म्हणाले. मग गोळ्या थांबवून कागदावर लिहून दिलं, 'करडईचं तेल घ्या.'

डॉक्टरांना म्हणायचं होतं, वनस्पती तूप सोडा, फोडणीला करडई वापरा. पण आपल्याकडे जेवण जेवतात आणि औषध घेतात. मामांनी तेल घेतलं. रोज अनशापोटी, पितळेची वाटी भरून. घरचं मटण आणि वनस्पती तूप होतं तसंच चालू.

"औषद घेतोय की," मामा म्हणत, "मग पथ्य कशाला?"

मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. तुम्ही काय केलं असतं? मी हसलो. रांगेतल्या पेशंटांना रंगवून सांगितलं, तेही हसले. डॉक्टरांना सांगायचं तेवढं राहून गेलं. राहून गेलं कसलं, गंमत संपेल म्हणून सांगितलं नाही.

एके दिवशी मामा गिरणीतच मागाजवळ कोसळले आणि गेले. तेव्हा कुठे मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर, किंवा तेल नुसतं फोडणीला वापरलं असतं तर ते वाचले असते का, असं विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. त्यांना तसं म्हणता येतं. मला नाही.

तेराव्यानंतर मामी दवाखान्यात आल्या. पिशवीतून त्यांनी तेलाची अर्धी बाटली काढली.

"एक दिस बी चुकवलं न्हाय त्येंनी," त्या म्हणाल्या. "उरलंय ते कुणा गरिबाला द्या. औषद हाय."

मी दोन्ही हातांनी बाटली घेतली आणि औषधांच्या फळीवर ठेवली.