खंडेनवमीला निजलेलं मशीन

सर्व्हरला हळदकुंकू लावू नये असं कुठल्याही माहितीपुस्तकात लिहिलेलं नाही. मी रागाच्या भरात शोधून पाहिलं आहे. धूळ बसू देऊ नका, पाणी सांडू देऊ नका, सगळं लिहिलंय. हळदीचं कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही. आमचं कन्नडचं केंद्र सांभाळणारे मामा दर खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात, समोर नारळ फोडतात आणि मग ते बंद करून टाकतात. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्यालाही विसावा हवा, हा त्यांच्या घरचा रिवाज. विळा, कोयता, कुऱ्हाड आणि सर्व्हर.

आमची संस्था ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते. कचेरी इथं संभाजीनगरात, केंद्रं दोन, वैजापूर आणि कन्नड. मी तिन्ही ठिकाणचे संगणक सांभाळते. पुंडलिकनगरहून स्कूटीवर सकाळी कचेरीत यायचं, आणि खुर्चीत बसून दोन तालुक्यांतली मशीनं हाकायची. माझा नवरा याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो, आणि ते खोटं नाही.

तीन गावांत तीन सर्व्हर असले तरी वापरणाऱ्याला ते एकच घर वाटतं. आत प्रत्येक शिक्षकाचा स्वतःचा कप्पा. इंग्रजीत त्याला व्हॉल्यूम म्हणतात, पण आमच्याकडे त्या शब्दानं आवाज आठवतो, आणि आमच्या शाळेत आवाजाचं काय काम? म्हणून कप्पा. मूळ कप्पा एका ठिकाणी असतो आणि महत्त्वाच्या कप्प्यांच्या प्रती बाकीच्या दोन ठिकाणी. मूळ कप्प्यात काही बदललं की रात्री तो बदल आपोआप प्रतींत उतरतो. कोणाला काही करावं लागत नाही. मला या व्यवस्थेचा जरा जास्तच अभिमान होता.

सकाळी आल्यावर माझं पहिलं काम म्हणजे एकेका सर्व्हरला विचारायचं, बाबा, तुझ्याकडे काय काय आहे सांग. मग पडद्यावर ओळी चढतात: कप्प्याचं नाव, मूळ की प्रत, किती जागा व्यापली, चालू की बंद, शेवटचा बदल कधीचा. घरात सगळे उठले का, म्हणून आई पांघरुणांवरून नजर फिरवते ना, तसं मी ते बघते. एक सर्व्हर फक्त स्वतःपुरतं सांगतो. त्यामुळे तिघांनाही विचारल्याशिवाय घर पूर्ण दिसत नाही.

त्या खंडेनवमीला सकाळी दोघं बोलले आणि कन्नड गप्प. मी फोन लावला.

"मामा, मशीन बंद केलंत?"

"व्हय ताई. पूजा झाली आत्ताच. लई झ्याक दिसतंय. फोटू पाठवू का?"

"फोटो नको, मशीन सुरू करा. तिथल्या मुलांनी काही उघडलं तर?"

"पोरांना सुट्टी हाय की. अवो, बैलाला पोळ्याला जू लावत नाय आपण. ह्यानं वरीसभर रातंदिस काम केलंय. एक दीस निजू द्या. उद्या सोनं वाटून झालं की लावतो."

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. माझं डोकं पटकन तापतं आणि पटकन निवतं, पण मधल्या वेळात समोरच्याला बरंच ऐकावं लागतं. मामांनी सगळं ऐकलं, दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या आणि मशीन काही सुरू केलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कचेरीत पाऊल टाकतेय तोच वैजापूरच्या बाईंचा फोन. बाई म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या शिक्षिका. वैजापूरला शिकवतात, आठवड्याला एकदा कन्नडला जातात. मोजकं आणि शांत बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांचं वाक्यच पुरं होईना.

"अगं, माझा कप्पा... इथं वैजापूरला पण रिकामा दिसतोय. असं कसं होईल?"

"'पण' म्हणजे काय, बाई?"

मग हळूहळू उलगडलं. शहरातली डिस्क भरत आल्याचं मी सगळ्यांना कळवलं होतं, सोबत कोणाचा कप्पा किती मोठा तेही. बाईंचा सगळ्यांत मोठा होता, कारण त्यात चित्रफिती होत्या. आपल्यामुळे इतरांची अडचण होते हे त्यांना सहन होईना. खंडेनवमीला सकाळी शाळेत पूजेआधी झाडलोट चालली होती. कोणी पाट्या पुसत होतं, कोणी शिवणयंत्राला तेल घालत होतं. बाईंनी संगणक आवरायला घेतला. त्यांनी विचार केला, आपल्या वस्तू तीन ठिकाणी आहेत, एका ठिकाणच्या काढल्या तरी दोन ठिकाणी राहतीलच. लोणच्याच्या तीन बरण्या असल्या तर एक रिकामी करायला काय हरकत? त्यांनी शहरातला मूळ कप्पा रिकामा केला. आणि रात्री माझ्या लाडक्या व्यवस्थेनं तो रिकामेपणा इमानदारीनं वैजापूरच्या प्रतीत उतरवला.

रोजची एक राखीव प्रतही असते, पण ती दर रात्री बदलते. दसऱ्याच्या सुट्टीत तीही रिकामीच होऊन बसली होती.

"बाई, काय होतं त्यात?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला आठवलं.

कन्नडच्या घाटाजवळ राहणाऱ्या एका मेंढपाळाच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती शाळेत आली तेव्हा चांगली मोठी होती, आणि तिला आमच्या शाळेतल्या खुणा येत नव्हत्या. तिच्याकडे तिच्या स्वतःच्या खुणा होत्या. मेंढरांमागं हिंडता हिंडता आईनं आणि तिनं मिळून त्या केल्या होत्या. लांडग्याची वेगळी, कुत्र्याची वेगळी. पाऊस येतोय याची एक, आणि येऊन गेला याची दुसरी. कळप बसला याची खूण म्हणजे दोन्ही पंजे उपडे करून हळूहळू खाली आणायचे. बाईंना त्याचं इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी मायलेकींना केंद्राच्या अंगणात बसवून सगळ्या खुणांच्या फिती काढल्या. आई खूण करायची, लेक तीच खूण करून दाखवायची, आणि मधेच दोघी हसत सुटायच्या.

उन्हाळ्यात आई काविळीनं गेली. तेव्हापासून मुलगी दर बाजाराच्या दिवशी बापाबरोबर कन्नडला येते आणि केंद्रात बसून त्या फिती बघते. घरात आईचा एक फोटो आहे, डोक्यावर पदर, हात मांडीवर घट्ट. त्या फोटोत तिची आई गप्प आहे. आपण माणूस गेल्यावर म्हणतो, आवाज कानात घुमतो. हिच्यासाठी आईचा आवाज म्हणजे आईचे हात होते, आणि ते फक्त त्या कप्प्यात होते.

मला बाईंवर रागावता आलं नाही. एरवी कारण नसतानाही मला राग येतो. 

मी शहराच्या सर्व्हरला विचारलं. कप्प्याचं नाव होतं, चालू होता, आणि जागेचा आकडा इवलासा. वैजापूरला विचारलं, तिथंही तेच. कन्नडला विचारलं, कन्नड गप्प.

कन्नड अजून गप्प होतं. म्हणजे तिथली प्रत अजून भरलेली, हे समजायला मला एक क्षण लागला. मग मी फोनवर झडप घातली. आमचं मशीन जागं झालं की राहिलेला बदल सगळ्यात आधी उतरवून घेतं, म्हणजे हा रिकामेपणाही. ती सोय मीच मोठ्या हौसेनं करून ठेवली होती.

"मामा, मशीन सुरू केलं का?"

 मामांचा आवाज पडला, "नाय ताई. चुकलंच बघा. काल सोनं वाटून येणार व्हतो, पर बहिणीकडं गेलो आन् तिकडंच रात झाली. आत्ता कुलूप काढलंय. हे बघा, बटन दाबतोच..."

"मामा, बटणाला हात लावू नका."

"आँ?"

"हात लावू नका. लांब उभे राहा."

"ताई, पूजा परवा झाली. आता चालतंय हात लावलेलं."

रिवाज मोडला म्हणून मी मामांवर रागावलेय असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांना भिंतीतून येणारी नेटची निळी वायर मशीनमधून उपसायला लावली, खोलीला परत कुलूप लावायला सांगितलं आणि किल्ली खिशात ठेवून दारात बसा म्हटलं. इकडे ती आपोआप उतरवायची सोय बंद केली. तरी मनाला भरवसा वाटेना. एक रिकामी डिस्क पर्समध्ये टाकली आणि स्टँड गाठला.

एसटीत वेरूळपर्यंत उभीच होते. पुढे जागा मिळाली, पण बसवेना. रस्त्याच्या कडेला लोकांनी मका वाळत घातला होता आणि ड्रायव्हर तो चुकवत गाडी हळू नेत होता. एरवी मला अशा लोकांचं कौतुक वाटतं. त्या दिवशी मी मनात म्हणत होते, चाल रे बाबा.

कन्नडला बाजार भरला होता. केंद्राच्या पायरीवर मामा बसले होते, आणि त्यांच्या शेजारी ती मुलगी, मांडीवर कापडी पिशवी. बाजाराचा दिवस आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

"सकाळपासनं बसलीय," मामा म्हणाले. "बाप तिकडं बकरं इकतोय. मी तिला सांगितलं, मशीन बसलंय म्हणून." त्यांनी दोन्ही पंजे उपडे करून खाली आणून दाखवले. "तिच्याकडनंच शिकलो ही खूण. मंग राह्यली की निवांत."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली. तिला काळजी नव्हतीच. बसलेला कळप सकाळी उठतोच, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मीच तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

तेवढ्यात वैजापूरहून जीपनं बाई आल्या. त्या आत आल्याच नाहीत. दाराशी पदराचं टोक मुठीत धरून उभ्या राहिल्या, मुलीकडे पाठ करून.

मामांनी कुलूप काढलं. मशीनवर झेंडू सुकला होता, खाली तांदळाचे दाणे पडले होते, आणि बटणाच्या बरोबर वर कुंकवाचं बोट. मी म्हटलं, "मामा, आता दाबा." त्यांनी आधी मशीनला हात जोडले.  खरं सांगायचं तर मीही जोडले.

पंखा घरघरला. पडदा उजळला. मी रोज सकाळी विचारते तेच विचारलं, तुझ्याकडे काय काय आहे? ओळी एकामागून एक चढू लागल्या. कुणाच्या तरी हजेऱ्या, कुणाची चित्रं, जुने वर्ग, सोडून गेलेल्या शिक्षकांचे कप्पे. मग बाईंचा आला. प्रत. चालू. आकडा किती ते मी वाचलं नाही, तो लांब आहे एवढंच पाहिलं. शेवटचा बदल श्रावणातला.

"बाई, आहे," मी म्हटलं.

त्या तिथंच पायरीवर खाली बसल्या. मामांना घडलेलं सगळं मी नंतर समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी त्ये निजलं व्हतं म्हणून वाचलं म्हणा की." त्यात विजयाचा सूर नव्हता. परवाच्या बोलण्याबद्दल मी तोंड उघडलं तर म्हणाले, "असू द्या ताई, तुमी रागावल्या न्हाईत तर मला वाटतं फोन दुसऱ्याच कुणाचा हाय."

सगळं डिस्कवर उतरवून घेतल्यावरच मी मुलीला आत बोलावलं. ती नेहमीच्या खुर्चीवर बसली. कुठं दाबायचं ते तिला पाठ होतं. पडद्यावर अंगण आलं, कडुनिंबाची सावली आली, आणि हिरव्या लुगड्यातली, उन्हानं रापलेली तिची आई. तिचे हात बोलू लागले. मुलीचे हातही उठले. लांडगा. कुत्रा. पाऊस येतोय. एका ठिकाणी आई चुकते आणि हसते, तिथं मुलगी आधीच हसायला लागली. बाई आत येऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी हलकेच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

फितीच्या अगदी शेवटी एक तुकडा आहे. काम संपलंय, कॅमेरा बंद झाला असं आईला वाटलंय. ती उठते, लुगडं झटकते आणि लेकीकडे बघून हात हलवते. त्याचा अर्थ मला कोणी सांगावा लागला नाही. चल, उन्हं उतरली.

मुलगी उठली. पिशवी घेतली, बाईंच्या पाया पडली आणि बाजाराकडे चालू लागली.

"दर बाजाराला असंच," मामा म्हणाले. "म्या किती बी सांगितलं बाप वाट बघत आसंल, जा, तरी हलत नाय. आई चल म्हणली की उठती."

पडदा बंद करायला मी हात पुढे केला. त्यावर अजून तिची आई थांबलेली होती, हात अर्धा उचललेला. मी माझा हात मागे घेतला, आणि मुलगी बाजाराच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत पडदा तसाच राहू दिला.