मध्यवर्ती कार्यालयाचं दार

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाच्या घटनेनुसार सरचिटणीस म्हणजे ‘संघाचे मुख्य कार्यकारी पदाधिकारी, मध्यवर्ती कार्यालयाचे प्रमुख, सर्व शाखा, उपशाखा व परदेशस्थ मंडळे यांच्या समन्वयाचे केंद्र, तसेच विद्यापीठ प्रशासन व माजी विद्यार्थी यांमधील एकमेव अधिकृत दुवा.’ पद आजीव. बांधा मध्यम. ओळखीची खूण: एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, तिसरा शर्टाच्या खिशात, यांपैकी किमान एक गिऱ्हाइकाचा.

ओळखीच्या खुणेपर्यंतचा मजकूर सरचिटणिसांनी स्वतः लिहिला आहे. खूण त्यांच्या बायकोने सांगितली.

पदवी मिळाल्यावर त्यांच्या वर्गातली मंडळी जगभर पांगली. सरचिटणीस विद्यापीठाच्या मुख्य फाटकातून बाहेर पडले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथेच थांबले. प्रकाशशास्त्रात गोडी होती. तिच्यावर पोट भरेल असा एकच धंदा त्यांना सुचला. तेव्हापासून फाटकासमोर त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. बाहेर काउंटर, मागे भिंग घासायच्या यंत्राची खोली, मध्ये पडदा. काउंटरवर बायको बसते. ती त्यांच्याच वर्गातली, त्यामुळे एरवी ‘अरे’ म्हणते आणि गिऱ्हाईक आलं की ‘अहो’. मागच्या खोलीत असलेल्या सरचिटणिसांना नुसत्या हाकेवरून दुकानात कुणी आलंय की नाही ते कळतं. एवढी भरवशाची घंटा बाजारात मिळत नाही.

संघ वाढला तो डोळ्यांच्या जोरावर. विद्यापीठ सोडून वीसेक वर्षं झाली की माणूस बायकामुलांना घेऊन आपलं विद्यापीठ दाखवायला येतो. कँटीनमध्ये शिरतो, पदार्थांची यादी हातात घेतो, आणि ती लांब, आणखी लांब धरत जातो. मग कुणीतरी समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतं. तिथे सरचिटणीस त्याला खुर्चीत बसवतात, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवतात आणि जवळचं वाचायचा कागद हातात देतात. इतर दुकानांत या कागदावर कसलाही निरर्थक मजकूर असतो. इथे सर्वांत मोठ्या अक्षरात ‘मला माझ्या विद्यापीठाची फार आठवण येते’ असं असतं. त्याखाली, जरा बारीक, ‘मी माजी विद्यार्थी संघाचा सदस्य होऊ इच्छितो.’ आणि अगदी तळाला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, ‘आजीव’. तेवढं वाचता आलं की नंबर बरोबर आणि सदस्यत्व पक्कं.

एका बँक मॅनेजरांनी एकदा हरकत घेतली. “अहो, मी नुसतं वाचलं!”

“मोठ्यानं वाचलंत,” सरचिटणीस म्हणाले.

“तुम्हीच सांगितलंत मोठ्यानं वाचा म्हणून!”

“मी ऐकलंय हो,” काउंटरवरून बायको म्हणाली. बँक मॅनेजर पुढे संघाचे उपाध्यक्ष झाले.

सदस्य वाढल्यावर त्यांना काहीतरी करायला देणं भाग होतं. नाहीतर ते घरी बसून सूचना करतात. पहिल्यांदा एका तुकडीने आवारात एक बाक दिलं. ते पाहून दुसऱ्या तुकडीला राहवलं नाही. बघता बघता आवारात इतकी बाकं झाली की ग्रंथालयाकडे सरळ चालत जाता येईना. प्रत्येक बाकाच्या पाठीवर देणाऱ्यांची नावं कोरलेली. मग मार्गदर्शन योजना आली. प्रत्येक विद्यार्थ्याला एक अनुभवी माजी विद्यार्थी नेमून दिला. अनुभवी माणसं सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला फोन करून ‘मग, पुढे काय ठरवलंयस?’ असं विचारू लागली. त्या वर्षी आवारातल्या बऱ्याच मुलांनी फोन नंबर बदलले. माजी विरुद्ध आजी असा क्रिकेटचा सामनाही सुरू झाला. तो दरवर्षी माजी जिंकतात, कारण आजींना तशी सूचना असते, आणि दरवर्षी एकाचा तरी घोटा सुजतो.

एक गोष्ट मात्र संघाने खरोखर चोख केली. मुलींच्या वसतिगृहात थंडीतही गरम पाणी येऊ लागलं ते संघामुळे. त्याची पाटी कुठेच नाही. सरचिटणिसांनी पाटी करून घेतली होती, पण ती लावायला आत जायचं कोणी, यावर कार्यकारिणीचं एकमत झालं नाही.

हा सगळा कारभार पडद्यामागच्या त्या खोलीतून चालायचा. बैठकीला आलेला एक सदस्य स्टुलावर बसे, बाकीचे यंत्राला टेकून उभे राहत. ठराव ऐन रंगात आला की बाहेरून “अहो!” ऐकू येई आणि सरचिटणीस उठून जात. अध्यक्ष उरलेली बैठक घासलेल्या भिंगांची पांढरी पूड कोटावरून झटकण्यात घालवत.

सरचिटणिसांची आयुष्यात एकच इच्छा होती. त्यांच्या वर्गातल्या साऱ्यांना केबिन होत्या. केबिनला दार असतं. त्या दारावर लोक टकटक करतात, ‘येऊ का?’ विचारतात, आणि आतला माणूस क्षणभर थांबून, जणू फार कामात असल्यासारखा, ‘या’ म्हणतो. दुकानात कुणी टकटक करत नाही. माणसं सरळ आत येतात आणि हातातली तुटलेली काडी दाखवतात. एकदा, निदान एकदा तरी कुणीतरी दार वाजवून आत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी संघाचं स्वतःचं भवन हवं होतं.

ते मंजूरही झालं. कुलगुरूंनी जागा निवडायला सांगितलं आणि संघाच्या आर्किटेक्टने ती निवडली.

आवाराच्या मधोमध, पाण्याच्या नळापासून सुरू होणारी दगडांची एक लांबट, बुटकी रांग आहे. ते कुठल्याशा जुन्या सभागृहाचं जोतं. सभागृह कधी झालंच नाही, जोतं राहिलं, आणि त्याचा कट्टा झाला. विद्यापीठाने बांधलेली याच्याइतकी उपयोगी वास्तू दुसरी नाही. कट्ट्याला एकच नियम आहे. नव्याने येणाऱ्याने नळाच्या टोकाशी उभं राहून ‘सरक’ म्हणायचं. अख्खी रांग सरकते, आणि दुसऱ्या टोकाचा माणूस खाली पडतो. जो पडला त्याने कपडे झटकून तासाला जायचं. वाद घालायचा नाही. विद्यापीठातली बरीचशी हजेरी या नियमामुळे लागते, असं प्राध्यापकही खासगीत मान्य करतात.

भवन या जोत्यावर उभं राहणार होतं.

सरचिटणिसांची मुलगी याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. पहिलं वर्ष तिने बाबा कोण हे कुणाला कळू न देण्यात घालवलं. आता ती ‘कट्टा बचाव’ची पुढारी झाली होती, आणि रात्रीचं जेवण सरचिटणिसांच्या शेजारी बसूनच जेवत होती.

“बाबा, एवढ्या आवारात तुम्हाला दुसरी जागा मिळाली नाही?”

“जोतं तयार आहे म्हणाला आर्किटेक्ट. भक्कम आहे.”

“आणि आम्ही बसायचं कुठे?”

“अगं, बाकं दिलीत ना इतकी!”

“त्यावर तुमची नावं आहेत. कुणाच्यातरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं.”

“भवनात कट्ट्याचा फोटो लावणार आहोत,” सरचिटणीस समजुतीच्या सुरात म्हणाले. “चांगला भिंतभर.”

मुलीने घास तसाच ठेवला. “आई, तू तरी सांग यांना.”

“मला मधे घेऊ नका. मला मागची खोली मोकळी करून हवीय, बस्स,” बायको म्हणाली. “आणि कट्ट्याचं म्हणशील तर मी कधी तिथे बसलेच नाही. मी आपली वर्गात. हा बसायचा. पडला की तासाला यायचा, माझ्या शेजारची जागा रिकामी असायची, झालं. अशी ओळख.”

“रोज पडायचे बाबा?”

“पडतोय कसला! मुद्दाम टोकाला जाऊन बसायचा.”

“भाजी वाढ जरा,” सरचिटणीस म्हणाले.

भूमिपूजनाच्या दिवशी विद्यार्थी सकाळपासून कट्टाभर बसून होते. मुलगी नळाच्या टोकाला, सर्वांत पुढे, हातात ‘कट्टा आमचाच’ असा फलक. सरचिटणीस नवा कोट घालून, फीत बांधलेलं फावडं घेऊन उभे होते. बापलेकींनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. खुर्च्यांचा टेम्पो मागच्या फाटकाशी बाकांच्या गर्दीत अडकला होता, त्यामुळे सन्माननीय माजी विद्यार्थी उन्हात ताटकळत होते.

सर्वांत आधी बँक मॅनेजरांचे गुडघे बोलू लागले. ते नळापाशी आले, त्यांनी कट्ट्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, “सरक.”

मुलगी सरकली. नियमच तो. शेजारचा सरकला, त्याच्या शेजारची सरकली, आणि पलीकडच्या टोकाचा एक आंदोलक खाली पडला. तो उठला, पँट झटकली, फलक बगलेत मारला आणि तासाला गेला.

आर्किटेक्टचे डोळे चमकले. “अरे, हे तर झकासच!” तो सरचिटणिसांच्या कानात म्हणाला. “विनंती नको, बाचाबाची नको. आपण नुसतं बसत जायचं.” आणि जाऊन “सरक” म्हणाला.

मग रांगच लागली. एकेक माजी येई, सरक म्हणे, नि पलीकडून एकेक आजी पडे. त्या दिवशी वर्गांना अभूतपूर्व हजेरी होती. विद्यार्थ्यांना कुणी फसवलंही म्हणता येत नव्हतं. ज्या कट्ट्यासाठी ते बसले होते, त्याचा नियम त्यांना मोडता येईना. सरकत सरकत शेवटी कट्टाभर माजी विद्यार्थी झाले, आणि पार दुसऱ्या टोकाला एकटी मुलगी उरली. अर्धी दगडावर, अर्धी अधांतरी.

उभे होते ते फक्त कुलगुरू आणि सरचिटणीस. कुलगुरू दुसऱ्या विद्यापीठात शिकलेले. समोर काय चाललंय ते त्यांना उमगत नव्हतं.

“सरचिटणीस, आपणही बसून घ्या ना,” ते म्हणाले. “मग सुरू करू.”

“ये रे!” आर्किटेक्टने हाक मारली. “एक शब्द टाक, की झालं भवन!”

सरचिटणीस फावडं घेऊन नळापाशी आले. त्यांनी नाकावरचा चष्मा कपाळावर चढवला, कपाळावरचा नाकावर आणला, आणि रांगेच्या टोकाकडे पाहिलं.

“म्हणा ना, बाबा,” मुलगी तिकडून ओरडली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “नियम आहे. मी पडेन.”

“आत्ता तास कुणाचा आहे?”

“कुणाचा असेना. जाईन मी.”

“शेजारी कोण बसतं?”

“बाबा!”

कट्ट्यावरची सगळी जाणती मंडळी एकदम आपापल्या बुटांकडे पाहू लागली. सरचिटणिसांनी फावडं नळाला टेकवलं.

“मला उभं राहायची सवय आहे,” ते म्हणाले. “आणि दुकानात एका बाईंचा चष्मा द्यायचाय.”

ते फाटकातून बाहेर पडले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

कुलगुरूंनी मग स्वतः प्रयत्न केला. “कृपया थोडं सरकून घेता का?” पण कट्ट्याला एवढी सभ्य भाषा समजत नाही, कुणी हललं नाही. तोवर इकडे गप्पा रंगल्या होत्या. कोण किती वेळा पडलं, पडून कुणाच्या शेजारी जाऊन बसलं. जेवणाची वेळ टळून गेली तरी उठायचं नाव कुणी काढेना.

“काय रे, यावर भवन बांधायचं कुणाच्या डोक्यात आलं?” बँक मॅनेजरांनी विचारलं.

“तुम्हीच अनुमोदन दिलंत,” आर्किटेक्ट म्हणाला.

“मला वाटलं, कट्टा भवनाच्या आत राहील.”

भवनासाठी पर्यायी जागा शोधावी, असा ठराव कट्ट्यावर बसल्या बसल्याच एकमताने मंजूर झाला. त्यासाठी एक उपसमिती नेमली. तिच्या बैठका मध्यवर्ती कार्यालयात होतात. फावडं माळ्याने नेलं.

संध्याकाळी सरचिटणीस पडद्यामागे एक भिंग घासत बसले होते. कोट खुंटीला होता. बाहेरून बायकोची हाक आली.

“अहो! कुणीतरी आलंय.”

ते उठणार, तेवढ्यात टकटक ऐकू आली. फ्रेमांच्या कपाटाच्या काचेवर कुणीतरी बोटाने वाजवत होतं.

“येऊ का?”

सरचिटणिसांनी यंत्र बंद केलं. कोट घातला. स्टुलावर ताठ बसले. क्षणभर थांबून म्हणाले, “या.”

मुलगी आत आली. हसू दाबल्यामुळे तिचा चेहरा फार गंभीर झाला होता. “मी विद्यार्थी प्रतिनिधी. संघाकडे एक विनंती होती. कट्ट्याच्या टोकाचा दगड हलतोय. तेवढा बसवून द्यावा.”

“टोकाचा?”

“हो.”

“तो जुनाच आहे हलता. माझ्या वेळेपासून.”

“आई म्हणालीच.”

सरचिटणिसांनी विचार केल्यासारखं केलं. “संघातर्फे होईल. पाटी कुठे लावायची?”

“पाटी लावलीत तर कुणी बसणार नाही.”

ही अट सरचिटणिसांना जड गेली. त्यांनी कोटावरची पांढरी पूड झटकली. “बरं,” शेवटी म्हणाले, “बिनपाटीचा.”

“अरे,” बाहेरून बायकोचा आवाज आला, “मुलाखत संपली असेल तर दोघंही चहाला या.”

संघाला आता परदेशातही शाखा आहेत, आणि त्यांचा सर्व पत्रव्यवहार मध्यवर्ती कार्यालयाच्या पत्त्यावर येतो. मध्यवर्ती कार्यालयाला दार नाही. पडदा आहे. तो धुवायला टाकला की कार्यालय बंद असतं.